उपाशीपोटी आलेला निळा रंग

मामंजी,

तुमचे दिवस होऊन आता तीन दिवस झाले. घर पुन्हा आपलं आपलं झालंय. भेटायला येणारे लोक माझ्याकडे बघून आवाज खाली आणत होते, "सासरे कसले, वडीलच होते तिचे," म्हणत होते. ते खरंच आहे. पण खरं सांगायचं तर या पंधरा दिवसांत मला सर्वांत जास्त काय वाटलं असेल तर ते सुटल्यासारखं. हे मी कुणापुढे बोलले असते तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. तुमच्यापुढे बोलायला हरकत नाही.

तुम्ही सत्त्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही पाय शाबूत असताना, चष्म्यातून बारीक टाइप वाचता येत असताना, सकाळचा चहा घेऊन गेलात. धोंडाबाई तेव्हा जवळच होती. ती म्हणाली, "तरास न्हाई झाला, वैनी. टोपलीतलं पेरू निवडत हुते. म्हनले, हा डागी हाय, बाजूला ठेव. मी ठेवला आन् वर बघितलं तर मान कललेली." गेली नऊ वर्षं मला धास्ती होती की तुम्ही जाल ते माझ्यामुळे जाल. तसं झालं नाही. म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

मला बघायला तुम्ही आलात तेव्हा मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते आणि कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. आईनं पोहे दिले, मी खाली मान घालून बसले. बाकीचे लोक स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असं विचारायच्या बेतात होते. तुम्ही कोटाच्या खिशातून पेरूचं एक पान काढलंत आणि म्हणालात, "हे खिडकीकडे धर. काय दिसतं?"

मी धरलं. "बारीक भोकं आहेत. टाचणीनं टोचल्यासारखी."

"भोकं नाहीत. तेलाच्या पिशव्या आहेत. उजेड त्यांच्यातून पार जातो म्हणून भोकांसारख्या दिसतात. जांभळाच्या पानात अशाच असतात, लवंगेच्या, निलगिरीच्याही. सगळी एका कुळातली भावंडं."

"तेलात काय असतं पण?" मी विचारलं. आई दारातून डोळे वटारत होती.

"ते तू सांगायचं," तुम्ही म्हणालात. "मी वनस्पतीचा मास्तर. पिशवीपर्यंत माझं काम. पिशवीच्या आत तुझं."

ह्यांचा होकार मला त्या दिवशी कळलाच नाही. तुमचा कळला.

निवृत्त झाल्यावर तुम्ही पुण्यातलं बिऱ्हाड आम्हा दोघांवर सोपवलंत आणि भुकूमला, टेकडीच्या पायथ्याशी, विहीर असलेला तुकडा घेऊन राहायला गेलात. सासूबाई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पौडला जाणारी एसटी फाट्यावर थांबायची, तिथून बांधाबांधानं चालत आत. पेरूची साठ झाडं, विहिरीपाशी पांढऱ्या जामांची चार आणि पश्चिमेच्या बांधावर आधीपासूनच असलेलं ते मोठं जांभूळ. धोंडाबाई आणि तिचा नवरा सखाराम शेजारच्याच वाडीतले. झाडांना पाणी, राखण, तुमची भाकरी, सगळं तिच्याकडे. ती तुम्हाला मास्तर म्हणायची आणि तुमचं निम्मं शास्त्र तिला पटायचं नाही.

मी सुट्टी लागली की तिकडे यायची. पहिल्याच वर्षी जांभळं वेचताना माझ्या नव्या लुगड्यावर डाग पडले आणि मी साबण घेऊन विहिरीकडे धावले. डाग जांभळ्याचे हिरवट निळे झाले. तुम्ही काठावर उभे राहून चकित होऊन बघत होतात. मी म्हटलं, "साबणात अल्कली आहे, मामंजी. आता लिंबू लावलं की लाल होतील." लावलं, झाले. मग पुढचा अख्खा आठवडा तुम्ही जांभळाच्या रसात खाण्याचा सोडा, चिंच, ताक, चुन्याची निवळी, जे हाताला लागेल ते टाकत होतात. लिटमस कागदाची गरज उरली नाही म्हणून भुकूमच्या शाळेतल्या मुलांना बोलावून दाखवलंत. लुगडं गेलं ते गेलंच. पण कुणी वडीलधारा माणूस माझ्याकडून असं काही शिकतोय, हे मी तोवर बघितलं नव्हतं.

मग तुमच्या पायाची जखम भरेना. पेरूची छाटणी करताना कोयत्याचं टोक लागलं होतं, साधी जखम. पुण्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मधुमेह निघाला. रोज एक इन्सुलिनची सुई टोचायची. काचेची सिरिंज उकळून घ्यायची, औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. तुम्ही सहा महिने सखारामला घेऊन दिवसाआड पौडच्या कंपाउंडरकडे जात राहिलात, उरलेल्या दिवशी स्वतः टोचून घेत राहिलात, आणि रोज चिडत राहिलात.

धोंडाबाई म्हणायची, "मास्तर, कशाला त्या सुया? जांबळाच्या बियांची पूड घ्या की. आमचा म्हातारा त्याच्यावरच जगला."

आणि तुम्ही, वनस्पतीचे मास्तर, तुम्हाला ते पटलं. मला नाही पटलं. आपला वाद तिथून सुरू झाला.

"बियांत टॅनिन आहे, ते मला चवीवरून कळतं," मी म्हणायची. "पण त्यानं साखर उतरते हे कुणी तपासलंय?"

"मग तू तपास."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सगळं सामान घेऊन आले: बेनेडिक्टचं निळं द्रावण, स्पिरिटचा दिवा, नळ्यांचा स्टँड. त्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, आणि भरपूर असेल तर विटेसारखं लाल. मी म्हटलं, सुई चालू ठेवू आणि वर पूड देऊ. तुम्ही हसलात.

"दोन्ही एकदम दिलंस तर साखर कुणी उतरवली हे कसं सांगशील?"

"माणसावर असा प्रयोग करत नाहीत, मामंजी."

"माणूस माझा मीच आहे. मी परवानगी देतोय."

शास्त्र म्हणून तुमचा मुद्दा बरोबर होता. मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचत नाही म्हणून मी हो म्हटलं. इतकंच. तीन आठवडे सुई बंद, दिवसातून तीनदा पूड, रोज सकाळी तपासणी. सलग चार दिवस लाल दिसलं तर पाचव्या दिवशी सुई सुरू. डॉक्टरांना कळवायचं नाही, ह्यांनाही नाही. हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, मामंजी. तुमच्या एकट्याचा तो हट्ट नव्हता.

पहिले तीन दिवस वीट. चौथ्या दिवशी पिवळं. सहाव्या दिवशी हिरवं. आठव्या दिवशी मी नळी उजेडात धरली आणि ती स्वच्छ निळी होती. मी ओरडलेच. तुम्ही ओसरीवर बाजेवर बसला होतात, "काय रंग?" म्हणून विचारलंत, आणि मी नळी घेऊन धावत आले. नवव्या दिवशीही निळं, दहाव्या दिवशीही. मी माझ्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. रात्री कंदिलाशी बसून निबंधाचा मसुदा करू लागले. वनस्पतीचं वर्णन तुम्ही सांगायचात, मी लिहून घ्यायची: समोरासमोर पानं, कडेनं धावणारी शीर, पाकळ्यांची टोपी उडून पडते आणि आतून पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो. सांगता सांगता तुम्ही थांबायचात, पाणी प्यायचात. मला वाटायचं, शब्द शोधताय. मी रोज नळीकडे नीट बघत होते. तुमच्याकडे बघायचं राहून गेलं.

बाराव्या दिवशी दुपारी धोंडाबाई विहिरीवर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"वैनी, सांगू नगं म्हनलेत. पन मला न्हाई राहवत. मास्तर जेवत न्हाईत."

"म्हणजे? मी स्वतः वाढते त्यांना."

"तुमी वाढता, ते ओसरीवर घिऊन जात्यात, आन् मागल्या दारानं मला बांधून देत्यात. आठ दिस झालं. निस्ती पूड आन् पानी. लई अशक्त झाल्यात."

मी धावले. तुम्ही पेरूच्या चौथ्या रांगेत झाडाला टेकून बसला होतात. जीभ कोरडी, डोळे खोल. माझं नाव घ्यायला गेलात तर ते अर्धंच आलं. सखारामनं आणि त्याच्या भावानं बाज उचलून रस्त्यावर आणली. एसटीला दोन तास होते. मुळशीकडून कोळशाचा ट्रक येत होता, धोंडाबाई त्याच्यापुढे जाऊन हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, मग बाजेकडे बघितलं आणि फाळका उघडला. पोत्यांवर तुमचं डोकं मांडीवर घेऊन मी पुण्याला पोचले तेव्हा आपण दोघं काळेठिक्कर होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शुद्धीवर आलात. हातात सलाईन होतं. हे पायाशी उभे होते, मी उशाशी. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "इन्सुलिन बंद कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच तुम्ही म्हणालात, "मी. सूनबाईला पत्ता नाही. ती टोचायला सांगत होती, मी टोचलं असं खोटं सांगत होतो."

डॉक्टर तुम्हाला खूप बोलले. हे म्हणाले, "अण्णा पहिल्यापासून हट्टी आहेत." आणि मी गप्प राहिले. तेव्हा बोलायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतला नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड झालं, आठवड्यानं त्याहून अवघड.

भुकूमला परत आल्यावर तुम्ही एकदाच तो विषय काढलात. मी वहीतली ती पानं फाडत होते. तुम्ही माझा हात धरलात. "फाडू नकोस. उपाशी माणसाची नोंद म्हणून खाली लिही. खोटं रीडिंग लपवलं की दुसऱ्यांदा खोटं होतं."

"तुम्ही असं का केलंत? लाल आलं असतं तर सुई घेतली असती, विषय संपला असता."

तुम्ही माझा हात सोडलात. "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, रीडिंग ओढून आणू नका. आणि स्वतः ओढून आणलं. तुझं नाव छापून यावं असं वाटत होतं गं. आमच्या घरात आलीस आणि तुझी प्रयोगशाळा म्हणजे नळ्या धुणं आणि चुलीपुढचं बसणं, एवढीच उरली."

मला तुमचा भयंकर राग आला. "छापून आलं असतं तर ते खोटं छापून आलं असतं, मामंजी! कुणीतरी वाचून सुई बंद केली असती!"

"हो," तुम्ही म्हणालात. "ते मला ट्रकमध्ये सुचलं."

त्यानंतर नऊ वर्षं सुई चुकली नाही. धोंडाबाईला मी पिकलेल्या पेरूवर टोचायला शिकवलं. तिनं दोन टोपल्या पेरू भोकं पाडून वाया घालवले आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या दंडाला हात घातला. "मास्तर, हात सैल सोडा, न्हाईतर सुई मोडंल, आन् मग वैनी मला मोडंल." तुम्ही तिच्यापुढे शाळेतल्या मुलासारखे बसायचात. बियांच्या पुडीबद्दल ती शेवटपर्यंत हटली नाही. मीही हटले नाही. तुम्ही म्हणायचात, "आपल्याला माहीत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे."

आणि एक वाद अर्धवट राहिला तो पेरूचा. नळी हिरवट आली की तुम्ही म्हणायचात, "ती साखर नव्हे. काल पेरू खाल्ला, त्यातलं क जीवनसत्त्व तुझ्या द्रावणाला फसवतंय." मी म्हणायची, ही पेरू खायची सबब. पण मनात राहिलं. बेनेडिक्टला क जीवनसत्त्व फसवू शकतं, हे पुस्तकात होतं. म्हणून मी आयोडिन घेऊन पेरूच मोजायला बसले. साल वेगळी, सालीलगतचा गर वेगळा, बियांचा गाभा वेगळा. रस काढायचा, थेंब थेंब आयोडिन सोडायचं, स्टार्चचा निळा रंग टिकेपर्यंत. लोखंडी विळीनं चिरलेला पेरू काळा पडतो म्हणून तुम्ही बांबूची पात तासून दिलीत. दोन हंगाम आपण तेच केलं. सर्वांत जास्त जीवनसत्त्व निघालं सालीत आणि सालीलगत, जी साल पुण्यातले लोक काढून टाकतात आणि धोंडाबाई कधीच काढत नाही. तो निबंध छापून आला. त्यातलं एकही रीडिंग ओढून आणलेलं नव्हतं. तुमचं नाव घालू म्हटलं तर नको म्हणालात. अंक आला तेव्हा भिंग घेऊन बसलात आणि पेरूच्या शास्त्रीय नावात एक अक्षर चुकलंय म्हणून मला दिवसभर चिडवलंत.

तुमच्या वादाचं म्हणाल, तर एखाद्या पेरूनं नळी हिरवी व्हावी इतकं काही त्यात नसतं. टोपलीभर खाल्ले तर कदाचित. थोडं तुमचं खरं, पुष्कळसं माझं. तुम्ही हे मान्य केलं नसतंत.

इतकं सगळं बोलत होतो आपण, मामंजी. पण दवाखान्यातल्या त्या सकाळबद्दल कधीच नाही. तुमच्या पायाला साधं खरचटलं तरी मला वाटायचं, हे त्या बारा दिवसांचं देणं आहे. हे तुमच्यावर हट्टी म्हणून ओरडायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जायची.

बाराव्याच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ह्यांना सांगितलं. ओसरीवर बसून, एका दमात. सुई बंद करायचं दोघांनी ठरवलं होतं, मी हो म्हटलं होतं, दवाखान्यात मी गप्प राहिले. हे ऐकत होते. मला वाटलं, आता उठून जातील.

"अण्णांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं," हे म्हणाले.

मी विचारलं, "सगळं?"

"सगळं. म्हणाले, तिला हो म्हणायला मी भाग पाडलं. ती स्वतः सांगेल तेव्हा ऐकून घे, तोवर विचारू नकोस. मी म्हटलं, बरं."

"नऊ वर्षं?"

"तू सांगितलंच नाहीस," हे म्हणाले. "मी तरी काय करणार?"

मामंजी, मी रागावू की काय करू, मला समजेना. नऊ वर्षं मी ज्या गोष्टीला भीत होते ती या घरात सगळ्यांना माहीत होती, आणि कुणी मला एक शब्द बोललं नव्हतं. ह्यांनी तुम्हाला तरी विचारायला हवं होतं, की हिला सांगून टाकावं का म्हणून. ही एक तक्रार माझी राहिली. पण त्या रात्री मी नऊ तास झोपले. धोंडाबाई सकाळी दोनदा डोकावून गेली, जिवंत आहे ना बघायला.

मग एकच माणूस उरला होता. आज मी पुण्याला डॉक्टरांकडे गेले. ते आता थकलेत, दुपारी फक्त दोन तास बसतात. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी खुर्चीत बसले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. आणि मग ते मला जे बोलले! "शिकलेली बाई तू, तुला कळत नव्हतं? म्हातारा माणूस, पायाला जखम, आणि तू नळ्या बघत बसलीस? त्या ट्रकला अर्धा तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, माहीत आहे? आणि आज येऊन सांगतेस?" बाहेरच्या बाकावरचे लोक आत वाकून बघायला लागले. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. एकाही शब्दाला मी उत्तर दिलं नाही, आणि एकही शब्द मला जास्त वाटला नाही. माझ्या वाटणीची बोलणी तुम्ही इतकी वर्षं स्वतःकडे ठेवून घेतली होतीत, ती मला मिळाली.

दम लागल्यावर ते थांबले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "मग, त्या बियांनी उतरते का साखर?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आमचा प्रयोग झालाच नाही, डॉक्टर. ते जेवत नव्हते."

ते हसले. मी नमस्कार केला आणि निघाले.

पौडची एसटी निम्मी रिकामी होती. खिडकीशी जागा मिळाली. कोथरूड मागे पडलं, गाडी चढणीला लागली, आणि मला एकदम रडू आलं. हुंदक्यांसकट, नाक पुसायला पदर पुरेना इतकं. कंडक्टर तिकिटाची पेटी घेऊन माझ्यापाशी आला आणि थबकला.

"काय झालं, ताई?"

"सासरे गेले माझे."

"अरेरे. आज?"

"नाही. पंधरा दिवस झाले."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या बाकावरून वळून बघणाऱ्या दोघांना, "बसा बघू सरळ," म्हणाला आणि भूगाव येईपर्यंत माझ्याकडे तिकीट मागायला आला नाही.